डोक्यावरून जाणारी चाळीस मिनिटे



अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून नांदेडच्या विमानतळावर विमानाने जायला किती वेळ लागेल, असे कुणी विचारले तर उत्तर मोठे गोड आहे. दोन्ही ठिकाणांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे १७० किलोमीटर. सत्तर जणांना नेणारे पंख्याचे एटीआर विमान हवेत स्थिरावले की ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाते. चढायचा, उतरायचा, धावपट्टीवर सरकत जायचा वेळ धरला तरी चाळीस मिनिटांत काम फत्ते. सडकेने हाच प्रवास वाशिम-हिंगोलीवरून दोनशे किलोमीटरच्या वर पडतो आणि चार-साडेचार तास खातो. आगगाडी पूर्णेला वळसा घालून जाते, तिचे चार-पाच तास. कुठे चाळीस मिनिटे आणि कुठे पाच तास!

आता एक गंमत करा. पोराच्या दप्तरातून नकाशाची वही घ्या आणि अकोला ते नांदेड फूटपट्टीने रेघ ओढा. ती रेघ जवळजवळ वाशिम शहराच्या डोक्यावरून जाते. म्हणजे असे विमान उद्या सुरू झालेच, तर आपण कापूस वेचता वेचता मान वर करून ते पाहू. आणि त्यात बसायचे ठरवले तर? वाशिमपासून बारा किलोमीटरवरच्या एखाद्या गावातला माणूस धरू. काळीपिवळीची वाट पाहून वाशिमला यायला त्याचा एक तास गेला. तिथून उत्तरेला ऐंशी किलोमीटर अकोला, दोन तास. स्टँडवरून शिवणी, अर्धा तास. विमान सुटायच्या आधी तासभर हजर राहायचे, कारण तिथे धावत जाऊन दांडी पकडता येत नाही. मग चाळीस मिनिटे उडायचे, त्यात अर्ध्या वाटेच्या जरा आधी आपल्याच घराचे टिनपत्रे खिडकीतून पाहायचे. नांदेडला उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. बेरीज पावणेसहा तास. तोच माणूस वाशिमच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत बसला असता तर घरापासून साडेचार तासांत पोचला असता, वाटेत हिंगोलीला चहा घेऊन. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

अशी विमानसेवा आज नाही. शिवणीची धावपट्टी १९४३ सालची आहे, मोठ्या विमानांना ती अपुरी पडते, आणि ती वाढवायचा विषय वर्षानुवर्षे जमिनीपाशी अडलेला आहे. त्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन आली, आजूबाजूच्या शेतकऱ्यांची आली. मग नसलेल्या विमानाचा हिशोब आम्ही का मांडतो? कारण हा हिशोब आपल्या नावाने दुसरे लोक मांडत असतात. दर निवडणुकीत मांडतात. 'अमुक शहर आता चाळीस मिनिटांवर', 'मुंबई पावणेदोन तासांवर'. त्या मिनिटांत आपली किती मिनिटे मोजली हे कुणी सांगत नाही. विमानाची वेळ विमानतळाच्या फाटकापासून मोजतात. आपली वेळ शिवारातल्या पांदणीपासून सुरू होते.

आम्ही विमानाच्या विरोधात नाही. शेतकऱ्याने बैलगाडीतच बसावे असे म्हणणारे सभ्य लोक पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत, त्यांच्या रांगेत आम्हाला बसायचे नाही. शेतकऱ्याच्या पोरानेही विमानाने जावे, पोरीने तर ते चालवावे. प्रश्न हिशोबाचा आहे. आणि हिशोब असा, की विमान लांबच्या पल्ल्याचे जनावर आहे. पल्ला दीडशे-दोनशे किलोमीटरचा असेल तर जमिनीवरचा वेळ हवेतल्या वेळेला गिळून टाकतो. पल्ला पाचशेच्या पुढे गेला की विमान खरेच वेळ वाचवते.

याचे चांगले उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. धावपट्टी वाढवून १,८५० मीटर केली तेव्हा कुठे एटीआर उतरू शकले. बेलोरा ते मुंबई सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या आत-बाहेर, उड्डाणाचा वेळ सुमारे पावणेदोन तास. आता आपला तोच बारा किलोमीटरवरचा माणूस घ्या. समजा त्याच्या कारभारणीला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायचे आहे. गावाहून वाशिम एक तास. वाशिमवरून कारंजामार्गे बेलोरा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तीन तास. आधी हजर राहायचा एक तास, उड्डाण पावणेदोन तास, मुंबईत बाहेर यायला अर्धा. सव्वासात तास होतात. आगगाडीने जायचे तर अकोल्यापर्यंतचे तीन तास, गाडीची वाट पाहणे आणि रात्रभराचा प्रवास मिळून तेरा-चौदा तास होतात, आणि जागा मिळाली नाही तर आजारी बाईला दारापाशी बसवून न्यावे लागते. म्हणजे इथे विमानाला अर्थ आहे. सहा-सात तास वाचतात, ते दुखणेकऱ्याचे वाचतात.

पण हे सव्वासात तास कागदावरचे आहेत. ती सेवा सुरू झाली तेव्हा रोजची नव्हती, आणि दुखणे वार पाहून येत नाही. वाशिमहून निघणारी एसटी विमानाची वेळ पाहून निघत नाही. खासगी गाडी करावी तर सव्वाशे किलोमीटर जाण्याचे आणि रिकामे परत येण्याचेही पैसे द्यावे लागतात. म्हणजे स्वस्त तिकीट विमानात मिळाले आणि महागडे तिकीट सडकेवर लागले. पावणेदोन तासांसाठी सरकारने तिजोरी उघडली. सडकेवरचे चार तास मात्र ज्याचे त्याने पाहावेत.

तिजोरी किती उघडली तेही पाहू. २०१६ साली केंद्राने 'उडान' योजना जाहीर केली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून तिची सुरुवात झाली आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमानालाही हिरवा झेंडा मिळाला. हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसावा, अशी इच्छा पंतप्रधानांनी तेव्हा बोलून दाखवली. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये, तेही विमानातल्या काही जागांपुरते, अशी भाड्याची मर्यादा ठरली. त्या वर्षी, म्हणजे २०१७-१८ च्या हंगामात, संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला १,७०० रुपये होता. एका बाजूचे तिकीट म्हणजे दीड क्विंटल ज्वारी, तीसुद्धा सरकारने हमीभावाने घेतली तर. हवाई चप्पल झिजवून दीड क्विंटल ज्वारी कशी पिकते हे आपल्याला ठाऊक आहे. नंतरच्या काळात भाव वाढले, २०२५-२६ साठी ज्वारी ३,६९९ आणि लांब धाग्याचा कापूस ८,११० रुपये असा हमीभाव जाहीर झाला. तिकिटेही तिथेच थांबली नाहीत.

विमान कंपनीला त्या मार्गावर तोटा येतो म्हणून सरकार तो भरून देते. या भरपाईतला पाचवा हिस्सा राज्याने द्यायचा. विमानतळाला जमीन लागली तर राज्याने फुकट द्यायची, पोलीस आणि आगीचे बंब फुकट, वीज-पाणी सवलतीने. आणि सगळ्यात मजेचा भाग म्हणजे अशा विमानतळावर विमानात भरायच्या इंधनावर राज्याचा कर एक टक्का किंवा त्याहून कमी, दहा वर्षे. भावांनो, आपल्या ट्रॅक्टरमध्ये जे डिझेल जाते त्यावर अशी सवलत आहे का? नांगरटीला, पेरणीला, कापूस बाजारात न्यायला जे इंधन जळते त्यावर पुरा कर, आणि शहरातल्या माणसाला चाळीस मिनिटांत पोचवणाऱ्या इंधनावर एक टक्का. शेतकऱ्याला सबसिडी देऊन देऊन सरकार थकले असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

एवढे करून विमाने टिकली असती तर गोष्ट वेगळी. नांदेड-हैदराबादचे ते पहिले विमान चालवणाऱ्या कंपनीची उड्डाणे फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. २०२४ साली दुसऱ्या कंपनीने नांदेडहून पुन्हा सुरुवात केली. देशभराचा हिशोब महालेखापालांनी २०२३ च्या अहवालात मांडला. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली ११२ मार्गांनी. आणि भरपाई संपल्यावर मार्च २०२३ मध्ये आपल्या पायावर चालत होते फक्त ५४. शंभरात सात. कोरडवाहूत शंभर बिया टाकून सात उगवल्या तर आपण ते बियाणे पुन्हा घेत नाही, आणि बियाणेवाल्याला जाब विचारतो.

महाराष्ट्रात जिल्ह्या-जिल्ह्याला धावपट्टीची हौस जुनी आहे. यवतमाळ, लातूर, नांदेड, उस्मानाबाद, बारामती. हे पाच विमानतळ २००९ साली एका मोठ्या खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या पट्ट्याने दिले गेले. यांतल्या नांदेडला तेवढी नियमित प्रवासी वाहतूक म्हणण्यासारखी दिसली, तीही तुटत-जोडत. यवतमाळच्या धावपट्टीवरून आजवर किती कापूस उत्पादक उडाले ते कुणी दाखवावे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदला देतेवेळी विकासाची स्वप्ने दाखवली जातात. स्वप्नाचे भाडे मात्र ठरलेले नसते. उद्या कुणी आपल्या वाशिमलाही धावपट्टी हवी म्हणून टेबल ठोकले, तर काहीशे एकर जमीन कुठली, हा प्रश्न पहिला विचारावा. वाशिमपासून अकोला ऐंशी किलोमीटर, बेलोरा सव्वाशे, नांदेड एकशे तीस. या तिघांच्या मधोमध चौथा विमानतळ म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

कुणी म्हणेल, माल तरी जाईल. कोणता माल? विमानाने तो माल जातो जो किलोला हजारांनी विकला जातो किंवा दोन दिवसांत नासतो. गुलाबाची फुले जातात, औषधे जातात. नाशिकची द्राक्षेसुद्धा युरोपला बहुतांशी बोटीने, थंड कंटेनरमध्ये जातात, कारण विमानाचे भाडे द्राक्षालाही परवडत नाही. कापूस ८१ रुपये किलो आणि ज्वारी ३७ रुपये किलो, तेही २०२५-२६ च्या हमीभावाने. यांना विमान नको. यांना शेतातून डांबरी सडकेपर्यंतची पांदण हवी, सडकेवरून जिनिंगपर्यंतची वाट हवी, आणि बाजारात गाडी लागल्यावर दोन रात्री थांबावे लागू नये एवढे हवे. ऑगस्टात पांदणीत बैल रुततात आणि खताचे पोते डोक्यावर न्यावे लागते. ते दीड किलोमीटर आपल्या प्रवासातले सगळ्यात लांब अंतर आहे.

परदेशी कापसाचे अंतर मात्र सरकारने चुटकीसरशी कमी करून दाखवले. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचा अकरा टक्के आयात कर काढून टाकला, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेर. अमेरिकेचा नि ब्राझीलचा कापूस हजारो मैलांवरून बोटीने येतो, तो एका सहीने जवळ आला. ऐन वेचणीच्या हंगामात. अंतर किलोमीटरने ठरत नसते, सहीने ठरते, हे तेव्हा दिसले.

वेगाचा आणखी एक नमुना आपल्या जिल्ह्यातून जातो. समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा पुरा झाला. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतली रानं कापून तो गेला. चांगली सडक आहे, आम्ही नाही म्हणत नाही. नागपूरला दुखणेकरी लवकर पोचतो हेही खरे. पण त्यावर मोटारसायकल चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. चढायचे ते ठरलेल्या ठिकाणीच. ज्याचे शेत सडकेने दुभंगले त्याला पलीकडच्या धुऱ्यावर जायला बोगदा गाठावा लागतो, आणि मुंबई जवळ आली तरी त्याची विहीर लांब गेली. विमान डोक्यावरून जाते, हा रस्ता शेजारून जातो. दोन्ही टोकांची माणसे लवकर भेटतात. मधली माणसे पाहत राहतात.

इंग्रजाची आठवण काढायची आम्हाला हौस नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या विलायती कंपनीने यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर अशी अरुंद रुळांची गाडी टाकली, जिला आपण लाडाने शकुंतला म्हणत आलो. ती दारव्ह्याला थांबे, कारंजाला थांबे, मधल्या लहान लहान ठेसनांवर थांबे. ताशी वीस किलोमीटरच्या चालीने जाणारी गाडी, पळत जाऊन चढता येई. ती वऱ्हाडच्या प्रेमाने आली नव्हती. कापसाच्या गाठी मँचेस्टरच्या गिरण्यांना हव्या होत्या म्हणून आली. लुटायला का होईना, तो शिवारापर्यंत आला, कारण त्याला पक्के ठाऊक होते की कापूस मुंबईच्या बंदरात पिकत नाही. स्वराज्याच्या नियोजनकाराला ही गोष्ट अजून उमगायची आहे. शकुंतला बंद पडून काही वर्षे झाली.

आणि विमानाची एक जुनी, चांगली गोष्टही सांगू. १९४९ साली नागपूरला रात्रीच्या टपाल विमानांची सोय सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी विमाने निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या गावी परतत. पुढे वीसेक वर्षे हे चालले. यात दोन गोष्टी पाहा. चारही पल्ले लांबचे होते, म्हणून विमानाचा उपयोग झाला. आणि विमानातून उतरलेले पत्र विमानतळावर सोडून दिले जात नव्हते. ते आगगाडीत चढे, मोटारीत चढे, शेवटी पोस्टमनच्या सायकलवर किंवा पायांवर गावात येई. पत्ता लिहिलेल्या दारापर्यंत पोचवणे ही एकाच खात्याची जबाबदारी होती, एकाच तिकिटात. पंधरा पैशांच्या पत्राला जो मान होता तो आज तिकीट काढलेल्या माणसाला नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. वाशिमला विमानतळ नको. ज्या विमानतळांवर पैसा खर्च झाला आहे त्यांपर्यंत आमची वाट धड करा. बेलोऱ्याच्या विमानाच्या दिवशी वाशिमहून मंगरूळपीर, कारंजा करीत जाणारी एसटी विमानाच्या वेळेला जोडून सोडा आणि तिचे तिकीट विमानाच्या तिकिटातच धरा. विमानाला उशीर झाला तर गाडीने थांबावे. हे अवघड नाही, सरकारच्याच दोन खात्यांनी एकमेकांचे वेळापत्रक वाचायचे आहे. पूर्णा-अकोला लोहमार्ग २००८ साली रुंद झाला, त्यावर वाशिमच्या माणसाला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशा वेळेच्या गाड्या द्या. एसटीत म्हाताऱ्यांना फुकट आणि बायांना अर्धे तिकीट झाले, चांगले झाले, पण मानोऱ्याच्या डोंगराकडच्या पुष्कळ गावांत ते अर्धे तिकीट फाडायला गाडीच येत नाही. आणि पांदणीचा निधी धावपट्टीच्या आधी.

२०१८ साली नीती आयोगाने वाशिमला 'आकांक्षित जिल्हा' म्हटले. आकांक्षा आहेत त्या अशा साध्या आहेत.

हे नुसते छापून भागणार नाही. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने एक कागद भरून आणावा. गावच्या पारापासून निघाल्यावर वाशिमच्या स्टँडवर, अकोल्याच्या रेल्वे ठेसनावर आणि बेलोऱ्याच्या फाटकावर पोचायला प्रत्यक्ष किती वेळ लागतो, तो उन्हाळ्यात किती आणि पावसाळ्यात किती, त्यातला गाडीची वाट पाहण्यात किती गेला आणि पैसे किती गेले. अंदाजाने लिहू नये, कुणीतरी खरोखर गेलेला असावा. शेतापासून डांबरी सडकेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजून वेगळे लिहावे. रिसोड आणि मानोरा तालुक्यांचे कागद आधी हवेत, कारण तिथली गावे या तिन्ही ठिकाणांपासून आडबाजूला पडतात. सगळे कागद एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे आहेत, त्यांच्या कोष्टकातल्या चाळीस मिनिटांच्या शेजारी.